घाटमाथ्यावरचा निरोप्या

खानदेशच्या दक्षिण सीमेवर सातमाळ्याची डोंगररांग आडवी पसरली आहे. तिच्या पायथ्याशीं चाळीसगांव वसलें आहे. मुंबईहून भुसावळकडे जाणारा लोहमार्ग येथून जातो, धुळ्याचा फांटा येथेंच फुटतो, आणि दक्षिणेकडचा रस्ता औट्रम घाट, म्हणजेच आपला कन्नडचा घाट, चढून मराठवाड्यांत शिरतो. इतक्या वाटा असलेलें गांव एकाकी पडेल अशी शंका सहसा कोणास येत नाहीं. परंतु ती यावी असा प्रसंग फार जुना नाहीं. २०२१ सालीं ऑगस्टच्या ३० तारखेची रात्र सरून ३१ तारीख उजाडत असतां घाटांत अतिवृष्टि झाली. दरडी कोसळल्या, वाहनें जागच्या जागीं अडकलीं, घाटाचा रस्ता बंद झाला. तितूर व डोंगरी या नद्यांना पूर येऊन पाणी चाळीसगांवांत शिरलें, आणि घाटाखालच्या गांवांतून गुरेंढोरें वाहून गेलीं.

अशा वेळीं अन्नवस्त्राच्याही आधीं एक गोष्ट लागते, ती म्हणजे वार्ता. कोण कोठें अडकला आहे, कोणती वाट शाबूत आहे, वरच्या ओढ्याला किती पाणी आहे, हें कळलें तरच मदतीचा हात योग्य जागीं पोंचतो. आज प्रत्येकाच्या खिशांत टेलिफोन आहे, हें खरें. परंतु तो टेलिफोन स्वतंत्र नव्हे. जवळच्या मनोऱ्यावांचून तो मुका. आणि तो मनोरा वीज, बॅटरी, डिझेल व रस्त्याच्या कडेनें पुरलेली तार या चौघांवर अवलंबून. शिवाय संकटाच्या क्षणीं सारेच एकदम बोलूं लागले कीं मनोरा शाबूत असूनही वाट मिळत नाहीं. म्हणून अशा प्रसंगीं बिनतारी संचाची आठवण होते. दोन माणसांच्या हातीं दोन संच असले कीं त्यांच्यामध्यें तिसऱ्या कोणाची गरज उरत नाहीं. मात्र या संचाला एक मोठी मर्यादा आहे. ती मर्यादा कोणती, आणि मोटारींत बसविण्याच्या दोन साध्या संचांपासून तिच्यावर उपाय कसा करितां येतो, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

मध्यम लांबीच्या लहरी जमिनीला बिलगून दूरवर जातात. आकाशवाणीचे कार्यक्रम त्यांच्यावर स्वार होऊनच खेड्यापाड्यांत पोंचले. हातांतल्या बिनतारी संचाच्या लहरी फार आंखूड, सुमारें दोन मीटर लांबीच्या असतात, आणि त्या बव्हंशीं प्रकाशाप्रमाणें सरळ जातात. पृथ्वी गोल असल्यामुळें त्यांचा टप्पा क्षितिजापुढें फारसा जात नाहीं. तो काढण्याची रीत सोपी आहे. एरियलची उंची मीटरांत घ्यावी, तिचें वर्गमूळ काढून त्यास ४·१२ नें गुणावें. येईल तितके किलोमीटर लहरींचें क्षितिज. उभ्या माणसाच्या हातांतील संच जमिनीपासून दीड मीटरवर धरिला तर हा आंकडा पांच येतो. दोघे माणूस सपाट मैदानांत असले तर दोघांचीं क्षितिजें मिळून दहा किलोमीटर होतात. पण हें कागदावरचें गणित झालें. मध्यें घरें, झाडें, केळीचे मळे आणि टेंकड्या आल्या कीं दहाचे दोन-तीन होण्यास वेळ लागत नाहीं.

आतां घाटमाथ्याचा विचार करा. पठाराची कड खालच्या सपाटीपेक्षां तीनशें मीटर उंच आहे असें धरूं. तीनशेंचें वर्गमूळ सुमारें १७·३. त्यास ४·१२ नें गुणिलें कीं एकाहत्तर किलोमीटर येतात. त्यांत खालच्या माणसाचे पांच मिळविले कीं शहात्तर झाले. याचा अर्थ असा कीं कडेवर कोणी निरोप्या बसविला, तर भडगांव व पाचोरा त्याच्या टप्प्यांत येतात, धुळ्यांतील एखाद्या घराच्या गच्चीवरील एरियलही येतें, आणि पाठीमागें वळून पाहिलें तर कन्नडही दिसतें. खालचा चाळीसगांवकर आणि वरचा कन्नडकर एकमेकांना दिसत नाहींत. परंतु त्या निरोप्याला दोघेही दिसतात. शेतांतल्या माळ्यावर बसलेला राखणदार एका बांधावरची हाळी ऐकतो आणि दुसऱ्या बांधावर पोंचवितो, त्यांतलाच हा प्रकार. या निरोप्याला बिनतारीच्या परिभाषेंत ‘रिपीटर’ म्हणतात. क्षीण झालेला आवाज ऐकावयाचा, आणि तोच शब्द त्याच क्षणीं मोठ्यानें पुन्हां उच्चारावयाचा, एवढेंच त्याचें काम.

‘एवढेंच’ म्हटलें खरें, पण त्या ‘त्याच क्षणीं’ या शब्दांत साऱ्या अडचणीचें मूळ आहे. आपला नेहमींचा संच एक वेळ ऐकतो किंवा एक वेळ बोलतो. दोन्ही कामें एकदम करीत नाहीं. म्हणून संच दोन लागतात. एकानें केवळ ऐकावें, दुसऱ्यानें केवळ बोलावें. दोघांनीं एकाच स्वरावर काम केलें तर ऐकणाऱ्याला शेजारच्या बोलणाऱ्यावांचून दुसरें कांहींच ऐकूं येणार नाहीं. म्हणून त्यांच्यामध्यें थोडें अंतर ठेवितात. दोन मीटर लहरींच्या पट्ट्यांत हें अंतर सहाशें किलोहर्ट्झचें असण्याचा प्रघात आहे. उदाहरणादाखल, लोकांनीं १४५·१०० मेगाहर्ट्झवर बोलावें आणि १४५·७०० वर ऐकावें. रिपीटर मात्र याच्या उलट करील.

मोटारींत बसविण्याचे असे संच मिळणें कठीण नाहीं. टॅक्सीच्या कंपन्या, कारखाने आणि निरनिराळीं खातीं जुने संच काढून नवे घेतात. अमेरिकेंत २०१३ सालच्या आरंभापासून बहुतेक व्यापारी संचांना पूर्वीपेक्षां निम्म्या रुंदीचा पट्टा वापरण्याचें बंधन घालण्यांत आलें, तेव्हां तर धडधाकट संच ढिगानें निरुपयोगी ठरले आणि हौशी मंडळींच्या हातीं आले. हे संच खडबडीत रस्त्यांवर हादरे खाण्यासाठींच बनविलेले असतात; म्हणून घाटमाथ्यावरच्या खोपटांत ते टिकाव धरतात.

या दोन संचांना जोडण्याचें काम तीन सूत्रांवर चालतें. पहिलें सूत्र जाग येण्याचें. ग्राहक संचांत ‘स्क्वेल्च’ नांवाची योजना असते. कोणी बोलत नसतां जी खरखर ऐकूं येते ती ही योजना दाबून धरते, आणि आवाज आला कीं दार उघडते. दार उघडल्याची ही खूण एका तारेनें बाहेर काढावयाची. दुसरें सूत्र बोलण्याचें. प्रेषक संचाच्या हातमाइकाचें बटण दाबण्याऐवजीं वरील खुणेनेंच तें दाबलें जाईल अशी व्यवस्था करावयाची. तिसरें सूत्र आवाजाचें. ग्राहकांतून निघालेला शब्द प्रेषकाला पाजावयाचा.

या तिसऱ्या सूत्रांत नवशिके फसतात. बिनतारी संच बोलतांना आवाजांतले बारीक, तीव्र सूर मुद्दाम उठावदार करितो, आणि ऐकतांना तेवढेच ते पुन्हां दडपतो. असें केल्यानें खरखर कमी होते. ग्राहकांतून आवाज दडपण्याच्या आधींच उचलला आणि प्रेषकाच्या माइकांत सोडला, तर सूर दोनदां उठावतात व माणूस पत्र्यावर खडे आपटावे तसा किणकिणतो. दडपल्यानंतर उचलून प्रेषकाच्या सरळ वाटेनें सोडला, तर तो गोधडींतून बोलल्यासारखा येतो. ज्या अवस्थेंत आवाज उचलला, त्याला साजेशा वाटेनेंच तो पुढें सोडला पाहिजे. पुरांत अडकलेल्या माणसाचें गांव ‘वाघळी’ कीं ‘वाघडू’ हें स्पष्ट ऐकूं येणें हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हे.

दोन संचांच्या मध्यें एक लहानसा नियंत्रक बसवितात. बोलणारा थांबल्यावर तो एक-दोन सेकंद प्रेषक चालूं ठेवितो. कोणाचें बटण चुकून दाबलेलें राहिलें तर ठराविक मिनिटांनीं प्रेषक बंद करितो. आणि मधून मधून मोर्स लिपींत आपलें परवान्याचें नांव सांगतो. विजेच्या तारांवरील ठिणग्यांनीं उगाच दार उघडूं नये म्हणून बोलण्याबरोबर एक मंद खर्जाचा सूर पाठविण्याचीही युक्ति आहे. तो सूर असला तरच दार उघडावयाचें. ऐकणाऱ्याच्या संचांतली चाळणी तो सूर गाळून टाकते, म्हणून कानांस तो जाणवत नाहीं.

इतकें सारें एका रविवारीं टेबलावर जुळवितां येतें, आणि येथेंच पुष्कळांना वाटतें कीं रिपीटर तयार झाला. वस्तुतः खरें काम यानंतर सुरूं होतें.

घाटमाथ्यावरचा ग्राहक संच किती बारीक ऐकतो हें पाहा. चांगला संच एका व्होल्टच्या दहालक्षांश भागाच्याही चौथाईनें जागा होतो. शेजारचा प्रेषक मात्र पंचवीस वॉटनें ओरडत असतो. या दोन शक्तींचें प्रमाण काढलें तर दोनावर सोळा शून्यें येतात. एवढ्या मोठ्या संख्येला नांव शोधण्यासाठीं फार दूर जावयास नको. चाळीसगांवपासून जवळच पाटणादेवीच्या परिसरांत, भास्कराचार्यांच्या ग्रंथांचें अध्ययन चालावें म्हणून त्यांचे नातू चांगदेव यांनीं स्थापिलेल्या मठासंबंधीं इ. स. १२०७ च्या सुमाराचा शिलालेख आहे. त्या भास्कराचार्यांनीं आपल्या ‘लीलावती’ ग्रंथांत संख्यास्थानांचीं जीं नांवें दिलीं आहेत, त्यांत एकावर सोळा शून्यांना ‘मध्य’ म्हटलें आहे. म्हणजे आपल्या निरोप्याला आपल्याच तोंडच्या आवाजापेक्षां दोन मध्यपट हलका आवाज, स्वतः ओरडत असतांनाच, ऐकावयाचा आहे.

हें न साधलें तर काय होतें तें मोठें मौजेचें, पण उपद्रवी असतें. दूरचा क्षीण आवाज येतो, स्क्वेल्चचें दार उघडतें, प्रेषक सुरूं होतो, त्या गोंगाटानें ग्राहक बहिरा होतो, दार मिटतें, प्रेषक थांबतो, आवाज पुन्हां ऐकूं येतो, दार पुन्हां उघडतें. उचकी लागलेल्या माणसाप्रमाणें रिपीटर अडखळत राहतो. जवळचीं माणसें मोठ्यानें बोलतात, त्यांना हा दोष दिसत नाहीं. जो दूर आहे, ज्याची बॅटरी संपत आली आहे, जो दरींत आहे, त्याचेंच बोलणें नेमकें गिळलें जातें.

या बहिरेपणाचीं कारणें दोन. एक, प्रेषकाचा मुख्य आवाज इतका मोठा कीं शेजारचा स्वर असूनही ग्राहक दबून जातो. दुसरें, प्रेषकाच्या मुख्य आवाजाभोंवतीं एक बारीक सूं-सूं पसरलेली असते, आणि तिचा अंश नेमका ग्राहकाच्या स्वरावर येऊन बसतो. पहिला दोष ग्राहकाच्या वाटेवर चाळणी बसवून जातो. दुसरा मात्र प्रेषकाच्या वाटेवरच अडविला पाहिजे, कारण एकदां तो ग्राहकाच्या स्वरावर आला कीं आपला कोण आणि परका कोण हें कोणतीही चाळणी ओळखूं शकत नाहीं. म्हणून दोन्ही वाटांवर चाळण्या लागतात. या जोडचाळणीला ‘डुप्लेक्सर’ म्हणतात. तिच्यामुळें एकाच एरियलवर दोन्ही संचांचा संसार सुखानें चालतो.

डुप्लेक्सर म्हणजे धातूचे उंच नळकांडीसारखे डबे; प्रत्येक वाटेवर दोन किंवा तीन. आंतल्या दांड्याची लांबी लहरीच्या चौथाईइतकी, म्हणजे अर्ध्या मीटरहून किंचित् अधिक असते, आणि दांडा केंसभर वरखालीं केला कीं डब्याचा सूर बदलतो. तबलजी जसा हातोडीनें गठ्ठे ठोकून तबला लावतो, तसे हे डबे लावावे लागतात. मात्र येथें कानाच्या जोडीला मोजमापाचें यंत्र हवें. मोटारीच्या संचाबरोबर बसणारे लहान, चपटे डुप्लेक्सर बाजारांत स्वस्त मिळतात, पण ते पुष्कळ अंतरावरच्या दोन स्वरांसाठीं केलेले असतात. आपल्या दोन स्वरांतलें अंतर अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. तेथें त्यांचा उपयोग नाहीं. जोडणीच्या केबलीही दुहेरी जाळीच्या हव्यात. साध्या केबलींतून झिरपलेला आवाज सर्व चाळण्यांना वळसा घालून ग्राहकापर्यंत पोंचतो, आणि बंद दाराशेजारीं खिडकी उघडी ठेवावी तसें होतें.

यानंतर उष्णता. मोटारींतला संच मधून मधून चार वाक्यें बोलण्यासाठीं केलेला असतो. रिपीटरला तासन् तास बोलावें लागतें. प्रेषकाचे पंचवीस वॉट आकाशांत जातात तेव्हां साधारणपणें त्याच्या दुप्पट शक्ति उष्णता होऊन पेटींतच राहते. खानदेशांतल्या वैशाखांत बाहेरचीच हवा चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशांवर गेली असतां ही भर कोण सोसणार? म्हणून पन्नास वॉटचा संच पंचवीसवरच चालवावा आणि त्याच्या पाठीवर पंखा बसवावा. शक्ति निम्मी केल्यानें ऐकणाऱ्याला फारसा फरक जाणवत नाहीं. संचाचें आयुष्य मात्र वाढतें.

वीज जाईल हें तर गृहीतच धरावें. दोन्ही संच नुसते जागे राहिले तर मिळून एक ॲम्पियर घेतात; बोलूं लागले कीं साडेसहा. दिवसांतले सहा तास बोलणें झालें असें धरलें तर त्याचे एकोणचाळीस आणि उरलेल्या अठरा तासांचे अठरा, मिळून सत्तावन्न ॲम्पियर-तास लागतात. शंभर ॲम्पियर-तासांची शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करूं नये. म्हणजे एक बॅटरी एक दिवस देखील पुरती देत नाहीं. दोन दिवसांचा धीर हवा असेल तर अशा तीन बॅटऱ्या पाहिजेत. सूर्यशक्तीचे तावे जोडावेत. परंतु रिपीटरची सर्वांत अधिक गरज ज्या आठवड्यांत लागेल, त्याच आठवड्यांत सूर्य ढगांआड असतो, हें विसरूं नये.

बाकीचे शत्रु बारीकसारीक, पण चिवट. घाटमाथ्यावर वीज पडते. मनोरा व पेटी यांना चांगलें भूमिबंधन हवें. सांध्यांत पाणी शिरतें. गंजलेला एखादा बोल्ट स्वतःच खरखर उत्पन्न करूं लागतो. पेटींत गांधीलमाशा घर करितात. शिवाय कडेच्या अगदीं खालीं असलेल्या दऱ्यांना तिच्याच आड आल्यामुळें माथा दिसत नाहीं. म्हणून मनोरा उभारण्यापूर्वीं एकानें संच घेऊन माथ्यावर बसावें आणि दुसऱ्यानें वाडी-वस्त्या हिंडून कोठून ऐकूं येतें व कोठून येत नाहीं याचा नकाशा करावा. ही पायपीट मनोऱ्याच्या खर्चापेक्षां पुष्कळ स्वस्त पडते.

आतां कायद्याविषयीं दोन शब्द. बिनतारी संच बाळगण्यास व वापरण्यास परवाना लागतो. जुना संच स्वस्तांत मिळाला म्हणून तो घरीं आणून सुरूं करणें हा गुन्हा आहे. हौशी बिनतारीची परीक्षा केंद्र सरकार घेतें, आणि बारा वर्षांवरील मुलामुलींनाही ती देतां येते. रिपीटरला निराळी परवानगी घ्यावी लागते. या परवान्याखालीं व्यापारधंद्याचे निरोप धाडतां येत नाहींत. आणखी असें कीं औट्रम घाटाचा पुष्कळसा भाग गौताळा अभयारण्यांत मोडतो. तेथें एक खांब रोवावयाचा तरी वनखात्याला विचारलें पाहिजे. हे सोपस्कार कंटाळवाणे वाटतात, आणि त्यांना महिने लागतात. म्हणूनच ते पुराच्या आदल्या दिवशीं सुरूं करून भागत नाहीं.

या संदर्भांत एक उदाहरण नेहमीं ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. २००४ सालच्या डिसेंबर महिन्यांत श्रीमती भारती प्रसाद व त्यांचे सहकारी हौशी बिनतारीच्या मोहिमेसाठीं अंदमानांत पोर्ट ब्लेअर येथें गेले होते. २६ तारखेस त्सुनामीच्या लाटा आल्या, दळणवळण तुटलें, आणि याच मंडळींच्या संचांवरून बेटांवरील माणसांची खुशाली मुख्य भूमीवर जाऊं लागली. त्यांच्या धैर्याचें कौतुक सर्वांनीं केलें आणि तें योग्यच होतें. परंतु आपण घ्यावयाचा धडा निराळा आहे. तीं यंत्रें संकट आल्यावर मागविलेलीं नव्हतीं. परवाना, एरियल, बॅटरी आणि बोलण्याची सवय झालेलीं माणसें, हीं चारही लाटेच्या आधींच तेथें होतीं. आणि तींही तेथें योगायोगानें होतीं. गांवानें योगायोगावर विसंबूं नये.

या चौघांपैकीं माणूस सर्वांत महत्त्वाचा. रिपीटरवर एका वेळीं एकालाच बोलतां येतें. दोघे बोलले कीं दोघेही बुडतात. म्हणून आधीं ऐकावें, मग बोलावें, थोडक्यांत बोलावें, आणि दोन वाक्यांच्या मध्यें क्षणभर थांबावें, कीं त्या फटींतून कोणा अडलेल्याला हांक मारतां यावी. आलेला निरोप लिहून घ्यावा आणि जसाच्या तसा पुढें द्यावा. ही शिस्त संकटांत शिकतां येत नाहीं. आठवड्यांतून एक संध्याकाळ, ठरलेल्या वेळीं, पाचोऱ्यापासून कन्नडपर्यंतच्या परवानेधारकांनीं हजेरी लावली, पाऊसपाणी सांगितलें, कोणाचा आवाज क्षीण येतो याची नोंद केली, तर ती घडते. शाळा-महाविद्यालयांतील विज्ञानाच्या शिक्षकांनीं मनावर घेतलें तर चार-दोन वर्षांत अशी मंडळी निश्चित तयार होईल.

सारांश, श्रोतेहो, रिपीटरचे दोन संच जुन्या बाजारांत मिळतात. त्यांना जोडणाऱ्या तारा कोणीही हुशार मुलगा जोडील. किंमत पडते ती ऐकण्याची. स्वतः बोलत असतांना दूरच्या, दुबळ्या आवाजाला कान मोकळा ठेवण्यासाठीं ते डबे, त्या केबली, तो पंखा, त्या बॅटऱ्या आणि ती आठवड्याची हजेरी. पावसाळ्यांत घाटमाथ्यावर खांब उभा राहत नाहीं, आणि ढगांत डुप्लेक्सर लावतां येत नाहीं. हें काम कार्तिकांत हातीं घेऊन वैशाखापूर्वीं पुरें करावयाचें आहे. ज्यांच्या घरीं बारा वर्षांवरचीं जिज्ञासु मुलें आहेत, त्यांनीं निदान परीक्षेचा अर्ज तरी या हिवाळ्यांत भरावा.